आडनाव काय म्हणालीस?

खरं सांगा, तुमच्या फोनमध्येही ते अ‍ॅप आहे ना? एखाद्या कंटाळवाण्या नावाच्या फोल्डरमध्ये, कॅल्क्युलेटरच्या शेजारी? माझंही तिथंच होतं. सुट्टीत घरी गेल्यावर फोन आईच्या हातात पडला तरी दिसू नये म्हणून.

रूममेटच्या नादानं प्रोफाइल बनवलं. फोटो निवडायला दोन दिवस, बायो लिहायला तिसरा. बायो अर्थातच इंग्रजीत. मराठीत लिहिलं तर ‘काकूबाई’ वाटेल, असं रूममेटचं मत आणि (सांगायला लाज वाटते) माझंही. मुलीनंच आधी मेसेज करायचा, या नियमावर 2014 मध्ये बंबल सुरू झालं. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात चोवीस तासांचं घड्याळ पळत असतं आणि आपण ‘हाय’ टाइप करून सात वेळा पुसत असतो.

आठवडाभर चॅटिंग झालं. मीम्स, ट्रेक, पावसाळ्यातला सिंहगड. मग एका रविवारी एफ. सी. रोडवरच्या कॅफेत भेटलो. अ‍ॅपनं आमच्यातलं अंतर ‘3 किलोमीटर’ दाखवलं होतं, समोरासमोर बसल्यावर ते वाढलंच. चॅटवर दर वाक्याला हसणारा हा मुलगा मेन्यूकार्ड पाठ करत होता. मीही काही कमी नव्हते. कोल्ड कॉफी अर्धी टेबलावर, अर्धी ओढणीवर.

टिश्यूनं ओढणी पुसतेय तोच त्यानं विचारलं, “बाय द वे, तुझं पूर्ण नाव काय?” मी नाव सांगितलं. “नाही, म्हणजे आडनाव काय म्हणालीस?” मी काहीच म्हणाले नव्हते. सांगितलं. तो थांबला. दोनच सेकंद.

“अच्छा. मूळचे कुठले तुम्ही?”

‘तू’चं ‘तुम्ही’ झालं होतं. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात एखादे काका हेच विचारतात, फक्त आधी चष्मा पुसतात. अ‍ॅपवर पहिलंच नाव दिसतं, म्हणून आपल्याला वाटतं आडनावाचा प्रश्न मिटला. मिटत नाही, कॉफीपर्यंत लांबतो.

रूमवर येऊन मी जाम भडकले. रूममेटनं शांतपणे विचारलं, “तू त्याचं आडनाव बघितलं नव्हतंस?”

बघितलं होतं. मॅच झाल्यावर दहा मिनिटांत, इन्स्टावर. सेफ्टीसाठी, असं मी म्हणाले. सेफ्टी बघायलाच हवी. भेट गर्दीच्या जागी, लोकेशन मैत्रिणीकडे, हे मी कुणालाही सांगेन. पण आडनाव वाचून ‘घरी चालेल’ असं मनात आलं होतं, ते काही सेफ्टीत बसत नाही.

विवाह संकेतस्थळांवरच्या जातीच्या रकान्याला आपण हसतो. निदान तो उघड छापलेला असतो. आपला डोक्यात असतो आणि वर आपण स्वतःला मॉडर्न म्हणवतो. आडनाव विचारूच नका, असं मी म्हणत नाही. पण उत्तर ऐकून तुमचा आवाज बदलणार असेल, तर भेटायला बोलावण्याआधीच तसं सांगून टाका. समोरच्याचा रविवार वाचेल, रिक्षाचे पैसेही.

रात्री त्याचा मेसेज आला, ‘पोचलीस का?’ मी ‘हो’ लिहिलं. पुढे दोघंही काही बोललो नाही.

अ‍ॅप अजून आहे. कॅल्क्युलेटरच्या शेजारून बाहेर काढलंय, बायो मराठीत केलाय. त्यात आडनाव टाकायचं की नाही, यावरून रूममेटशी भांडण चालू आहे.