तणनाशकाची मर्यादा

‘तण खाई धन’ ही म्हण रूढ झाली त्या काळी तणाशी झुंजावयास खुरपे आणि कोळपे एवढीच आयुधे शेतकऱ्यापाशी होती. धाराशिव जिल्ह्यात आज खरिपाचा मोठा भाग सोयाबीनने व्यापला आहे आणि खुरप्याची जागा पाठीवरच्या पंपाने घेतली आहे. ऐन हंगामात निंदणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही; पावसाची झड लागली की कोळपेही रानात घालता येत नाही. अशा वेळी शेतकरी तणनाशकाकडे वळला, यात त्याचा दोष नाही. परंतु तेच औषध दरसाल त्याच रानात मारीत राहण्याचे परिणाम काय होतील, हा प्रश्न आता टाळून चालणार नाही.

या बाबतीत हरियाणाचा अनुभव बोलका आहे. तेथील गव्हात माजणाऱ्या मंडूसी नावाच्या गवतावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच औषध वर्षानुवर्षे वापरले गेले. १९९०च्या दशकाच्या आरंभी ते निकामी ठरू लागले आणि कित्येकांवर उभा गहू वैरणीसाठी कापण्याची पाळी आली. पुढे नवी औषधे आली. कालांतराने त्यांनाही ते गवत दाद देईना. औषधाच्या सवयीने तण निर्ढावते, असा समज आहे. तो बरोबर नाही. असंख्य रोपांत एखादे रोप उपजतच औषध पचविणारे असते. फवारणीने बाकीची मरतात, तेवढे एक बी धरते आणि काही हंगामांत त्याचीच प्रजा रानभर होते.

सोयाबीनमध्ये हा धोका विशेष आहे. इमॅझेथापायर, इमॅझामॉक्स, क्लोरीम्युरॉन ही नावे वेगळी. पण तिन्ही औषधे वनस्पतीतील एकाच विकरावर घाव घालतात. म्हणजे दुकानात डबा बदलला तरी रानात मारा तोच राहतो! अर्थात फवारणीनंतर तण उरले की प्रतिकारशक्तीच आली, असे मानणेही चूक ठरेल. केना तर ग्लायफोसेटलाही मुळातच सहजासहजी बधत नाही. शिवाय मात्रा, वेळ आणि जमिनीतील ओल यांचाही परिणाम असतो. मात्र एकाच जातीची काही रोपे जळाली आणि त्यांच्या शेजारची टवटवीत राहिली, तर ती धोक्याची खूण समजली पाहिजे.

ही पारख शेतकऱ्याने एकट्याने करावी, ही अपेक्षा अन्यायाची आहे. परभणीचे कृषी विद्यापीठ आणि तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र यांनी अशा रानांतील बी गोळा करून तपासावे. औषधाचा गट डब्यावर ठळक मराठी अक्षरांत छापण्याची सक्ती सरकारने करावी. शेतकऱ्यानेही औषधांचे गट आलटून-पालटून वापरावेत, पिकांची फेरपालट करावी, वाफसा मिळताच एक तरी कोळपणी द्यावी आणि उरलेले तण बी धरण्यापूर्वी उपटून टाकावे. निंदणीची मजुरी जड जाते, हे खरेच. पण औषधावर खर्च करूनही शेवटी तीच मजुरी मोजण्याची वेळ आली, तर हा दुहेरी भार कोरडवाहू शेतकऱ्याने कशाच्या बळावर सोसावयाचा? खुरपे अजिबात अडगळीत टाकले, तर उद्या पंपही कामाचा राहणार नाही.