आधी कागद, मग कॅमेरा

टीव्हीवर आपला शोध मांडायला निघालेल्या माणसानं ट्रेनचं तिकीट काढायच्या आधी एक कागद लिहावा, आणि तो लिहायला आपल्यासारख्या साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्याच्याबरोबर बसावं, असं माझं मत आहे. हे मत वाचनातून आलेलं नाही. गेल्या एप्रिलमध्ये मावसभावाबरोबर बेळगावहून दादरला गेले, त्या प्रवासातून आलं.

दादा उद्यमबागेत फिटर आहे. मावशीच्या सासरी चंदगडकडे काजूची झाडं आहेत. हंगामात बोंडूपासून बी वेगळी करायचं काम हातानं पिळून चालतं. दिवसभरात मनगट भरून येतं, रसानं बोटं काळी पडतात. काही जण नायलॉनचा दोरा ताणून त्यावर बी तोडतात. दादानं त्याच दोऱ्याचा फास केला आणि सायकलच्या ब्रेकची वायर लावून तो पायाच्या पट्टीला जोडला. पाय दाबला की फास आवळतो, बी खाली पडते, आणि दोन्ही हात पुढचा बोंडू उचलायला मोकळे राहतात. एवढंच यंत्र. मावशीचं मनगट थांबलं तेव्हा त्यानं ते केलं.

एका वाहिनीच्या कार्यक्रमाच्या निवडीसाठी त्याला बोलावणं आलं. इंग्रजीतलं तीन मिनिटांचं भाषण मी लिहून दिलं. घरात इंग्रजी लिहिणारी मीच, त्यामुळे जरा मिरवलंही. रविवारची मिस्सा चुकणार म्हणून मावशी कुरकुरली, पण डबा तिनंच भरून दिला. यंत्र गोणीत बांधून बर्थखाली सरकवलं आणि शेजारी ताज्या बोंडूंची पिशवी ठेवली. घटप्रभा यायच्या आत सगळ्या डब्याला वास लागला.

"काय ओ, यात काय नेतायसा?" समोरच्या आजोबांनी विचारलं. दादानं गोणी सोडली. पुढचा अर्धा तास आमचा कंपार्टमेंट म्हणजे कार्यशाळाच झाला. दोरा किती दिवस टिकतो? बोंडू फार पिकला तर? बसून चालवायचं की उभं राहून? एका बाईंनी विचारलं, "पायाला त्रास होणार नाही कशावरून? हाताचं दुखणं पायाला दिलंसा म्हणजे झालं का?" दादा हसला नाही. त्यानं पट्टीची उंची बदलून त्यांना पाय ठेवायला लावला. मी त्याला इतकं छान बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत आमचा नंबर येईपर्यंत दुपार झाली. बोंडू झाडावरून उतरला की एका दिवसात मऊ पडतो. फास आवळला तेव्हा बी सुटायच्या ऐवजी गर फाटला. दादाला कारण माहीत होतं. ट्रेनमध्ये हेच त्यानं सगळ्यांना समजावून सांगितलं होतं. पण मी लिहून दिलेल्या पाठांतरात ते वाक्य नव्हतं. तो गप्प उभा राहिला. मग प्रश्न आले: वर्षाची विक्री किती, घरची परिस्थिती कशी, पेटंट आहे का. परिस्थितीवर तो म्हणाला, "बरी आहे." बाकी दोन्हींना उत्तर नव्हतं. आम्ही रात्रीच्या गाडीनं परत आलो.

कोणी म्हणेल, म्हणून काय टीव्हीवर जायचंच नाही? तसं मी म्हणत नाही. 'शार्क टँक इंडिया'च्या पहिल्या पर्वात मालेगावकडचे कमलेश घुमरे सायकलीवर चालणारं फवारणीचं यंत्र घेऊन गेले होते. पीयूष बन्सल यांनी त्यांना ४० टक्के हिश्शासाठी १० लाख आणि वर २० लाखांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं. ४० टक्के जास्त की कमी, यावर वाद घालता येईल. पण पाठीवर पंप वाहणाऱ्या शेतकऱ्याचं दुखणं त्या दिवशी घराघरांत पोचलं, हे खरं. कॅमेऱ्याची ताकद मला मान्य आहे. माझा मुद्दा क्रमाचा आहे.

भारतात पेटंटसाठी शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्याआधीच तो लोकांसमोर उघड झाला, तर त्याचं नवेपण धोक्यात येतं. म्हणजे ज्या अर्ध्या तासाचं मी वर कौतुक केलं, तोही कायद्याच्या नजरेत जोखमीचाच! यावर उपाय आहे. प्रोव्हिजनल अर्ज करून तारीख राखून ठेवता येते, आणि पूर्ण तपशील द्यायला त्यानंतर १२ महिने मिळतात. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाची मूळ फी १६०० रुपये आहे. तपासणीची फी पुढे वेगळी भरावी लागते. पेटंट मिळालं तर अर्जाच्या तारखेपासून २० वर्षं टिकतं.

अडचण भाषेची आहे. हे कागद हिंदीत किंवा इंग्रजीत लागतात, मराठीत चालत नाहीत. त्यात आपण बेळगावचे. कर्नाटक चेन्नईच्या पेटंट कार्यालयाखाली येतं, महाराष्ट्र आणि गोवा मुंबईच्या. झाड चंदगडला, कारखाना बेळगावला, टीव्ही मुंबईला आणि कागद चेन्नईला! गांधीनगरजवळचं नॅशनल इनोव्हेशन फाउंडेशन तळागाळातल्या शोधकांना पेटंटसाठी मदत करतं. पण तिथंही आधी कोणीतरी नीट लिहून पाठवायला हवं.

ते 'कोणीतरी' आपण का नसावं? आपण तीन वर्षं वर्णन, निवेदन, अनुवाद शिकतो. मी मात्र माझं सगळं शिक्षण वापरून दादाला तीन मिनिटांची सजावट लिहून दिली. त्याच्याजवळ बसून, "फास नक्की कुठं बसतो? बोंडू मऊ असला तर काय होतं?" असं विचारून एक पान लिहिलं असतं, तर ते त्याच्या स्वतःच्या शब्दांत राहिलं असतं आणि स्टुडिओत तो गप्प झाला नसता.

म्हणून मंडळापुढे माझी एक सूचना आहे. महिन्यातून एका शनिवारी, ग्रंथालयात दोन टेबलं मांडू. उद्यमबागेतला फिटर, खानापूरचा कुंभार, कोणीही येऊ दे. आधी त्याच्या मराठीत एक पान लिहायचं, त्याला वाचून दाखवायचं, त्यानं 'बरोबर' म्हटल्यावरच इंग्रजीत न्यायचं. त्याचं गुपित आपण बाहेर बोलायचं नाही, हा पहिला नियम.

या लेखात दादाच्या यंत्राचं इतकं वर्णन केलं, ते त्याला विचारूनच. फासाची ती रीत आता तशीही गावभर झाली आहे. मऊ बोंडूसाठी त्यानं यंदा जो बदल केलाय, तो मात्र मी इथं सांगणार नाही. त्याचं पान आम्ही लिहितोय. चौथ्या वाक्यावर अडलोय, कारण दोऱ्याच्या ताणाला दादा जो शब्द वापरतो, त्याला इंग्रजी शब्द मला अजून सापडलेला नाही.