पाण्यानं अंत्यसंस्कार : मशीन तयार होतं, मग गाडं अडलं कुठं?

२६ डिसेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू गेले. त्यांचा देह पुरला नाही आणि जाळलाही नाही. तो पाण्यात विरघळवला गेला. या पद्धतीला 'ॲक्वामेशन' म्हणतात. टुटूंमुळे हा शब्द जगभर पोहोचला, तरी बाजारात ही पद्धत अजून रांगतेच आहे. असं का?

ही पद्धत नेमकी काय आहे?

मृतदेह स्टीलच्या बंद टाकीत ठेवतात. त्यात पाणी आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइड घालून तापवतात. काही तासांनी फक्त हाडं उरतात. त्यांची पूड करून घरच्यांना देतात. लाकूड लागत नाही, धूरही होत नाही. उरलेलं द्रव मात्र गटारात सोडावं लागतं, आणि घोडं नेमकं तिथंच अडतं.

अडलं कुठं?

'रेसोमेशन' ही कंपनी २००७ मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत सुरू झाली. २०११ मध्ये तिचं मशीन अमेरिकेतल्या फ्लोरिडात चालूही झालं. ब्रिटनमध्ये मात्र वेगळंच घडलं. २०१७ मध्ये इंग्लंडमधल्या रोली रेजिस स्मशानभूमीला मशीन बसवायची परवानगी मिळाली, पण सेव्हर्न ट्रेंट या पाणी कंपनीनं ते द्रव गटारात घ्यायला नकार दिला.

२०२३ मध्ये यॉर्कशायर वॉटर या दुसऱ्या पाणी कंपनीनं होकार दिला. अंत्यविधीची व्यवस्था करणारी 'को-ऑप फ्युनरलकेअर' ही तिथली मोठी साखळी त्याच वर्षी सोबत आली. आपण ही सेवा देणार, असं तिनं जाहीर केलं. कंपनी सुरू झाल्यापासून इथवर यायला १६ वर्षं लागली.

साखळी सोबत असणं एवढं महत्त्वाचं का?

घरात माणूस गेल्यावर कुणी चार ठिकाणी चौकशी करत बसत नाही. व्यवस्था करणारा समोर जे पर्याय ठेवतो, त्यातूनच निवड होते. त्यामुळे त्याच्या यादीत नसलेली पद्धत लोकांसाठी जवळपास नसतेच. यात धोकाही आहे. यादी मोजक्या कंपन्यांच्या हातात गेली, तर दरही त्याच ठरवणार. आणि दुःखातला माणूस घासाघीस करत नाही.

आपल्याकडे काय चित्र आहे?

पारंपरिक चितेला साधारण ४०० ते ५०० किलो लाकूड लागतं. १९९२ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या 'मोक्षदा'च्या चितेत हे काम १५० ते २०० किलोत होतं. नागपुरात शेतातल्या काडीकचऱ्यापासून 'मोक्षकाष्ठ' बनवलं जातं. दोन्हींत चिता आणि मुखाग्नी कायम राहतात, हे महत्त्वाचं.

आपल्या शहरांत बहुतेक स्मशानभूमी महापालिकेच्या ताब्यात असतात. म्हणजे इथं खरा ग्राहक कुटुंब नाही, महापालिका आहे. टेंडर, दुरुस्ती, इंधनाचा पुरवठा हे सगळं तिच्याकडे. शिवाय गुरुजी आणि नातेवाइकांनी 'चालेल' म्हणायला हवं. यातला एक जरी मागे हटला, तरी नवी चिता रिकामी राहते आणि शेजारी पुन्हा लाकडं रचली जातात.

म्हणून पुढच्या वेळी 'पर्यावरणपूरक अंत्यसंस्कारा'चा व्हिडिओ शेअर करण्याआधी एवढं पाहा: आपल्या गावच्या स्मशानभूमीत ही सोय आहे का? असेल, तर ती चालू आहे का?