आजार लपवावा लागू नये म्हणून

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हिएगस मूळचे गोव्याचे आणि मुंबई महापालिकेचे सदस्य. शहरात प्लेग असल्याचे उघडपणे सांगणे म्हणजे बंदरावर आणि गिरण्यांवर संकट ओढवून घेणे, हे त्या वेळी सगळ्यांनाच कळत होते. त्यामुळे त्यांच्या निदानाला आधी अविश्वासच भेटला. पण ते संकट आलेच. युरोपातल्या देशांनी मुंबईहून येणाऱ्या जहाजांवर निर्बंध घातले आणि हिंदुस्थानातल्या प्लेगचा बंदोबस्त कसा करायचा यासाठी १८९७च्या फेब्रुवारीत व्हेनिसला आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली. त्याच महिन्यात, ४ तारखेला, इंग्रज सरकारने घाईघाईने एक कायदा मंजूर करून घेतला. साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७. सव्वाशे वर्षांनी करोनाची साथ आली तेव्हा महाराष्ट्र सरकारने हाती घेतला तो हाच कायदा.

मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा आहे, दहा मिनिटांत वाचून होतो. 'धोकादायक साथरोग' म्हणजे काय याची व्याख्या त्यात नाही. सरकारला योग्य वाटतील ते नियम करता येतील, ते मोडणाऱ्याला शिक्षा होईल आणि ते राबवणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही, एवढाच त्याचा गाभा. ज्याला घरातून उचलून नेले त्याच्या जेवणाचे काय, बुडालेल्या मजुरीचे काय, किती दिवस ठेवणार, चूक झाली तर दाद कुठे मागायची, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. भरपाईचा शब्द एकदा येतो, तोही 'असल्यास' अशा पुस्तीसह. २०२० मध्ये संसदेने त्यात दुरुस्ती केली. तिचा भर आरोग्य कर्मचाऱ्यांवर हल्ला करणाऱ्यांच्या शिक्षेवर होता, आणि ती शिक्षा हवीच होती. पण रुग्णाच्या बाजूचा कोरा कागद कोराच राहिला.

असा एकतर्फी कायदा नुसता अन्यायकारक नसतो, तो साथ आटोक्यात आणण्याच्या कामी कुचकामी ठरतो, हे माझे म्हणणे आहे. साथीच्या काळात सरकारला सर्वांत आधी लागते ती बातमी: कोण आजारी आहे, कुठे, कधीपासून. ती रुग्णाकडून, त्याच्या घरच्यांकडून, गल्लीतल्या डॉक्टरकडूनच मिळते. सांगणाऱ्याचे नुकसान ठरलेले असेल तर माणूस सांगत नाही, लपवतो. पुण्यात १८९७ च्या मार्च ते मे या काळात प्लेग बंदोबस्ताचा प्रमुख अधिकारी रँड याच्या हाताखालचे गोरे सोल्जर घराघरांत शिरले, बायकामाणसांची तपासणी झाली, सामानसुमान जाळले गेले. लोकांनी रोगी लपवले, गाव सोडले. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, पुढे चापेकर बंधू फासावर गेले, टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. हा इतिहास मराठी माणसाला तोंडपाठ आहे. त्यातला आरोग्याचा धडा मात्र आपण कमी वेळा वाचतो. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून माणसाकडे येतो हे पॉल लुई सिमोंद या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवून दिले. म्हणजे जो आजार उंदीर आणि पिसवा पसरवत होत्या, त्यासाठी कायदा माणसांच्या मागे लागला होता. लोकांचा रोष इतका वाढला की सक्तीच्या झडत्या पुढे सरकारलाच आवरत्या घ्याव्या लागल्या.

ते परक्यांचे राज्य होते, असे म्हणून हा पुरावा बाजूला सारता येत नाही, कारण गोव्यात १९८९ मध्ये राज्य आपलेच होते. डॉमिनिक डिसोझा हा नियमाने रक्तदान करणारा तरुण. त्याने दिलेल्या रक्तात एचआयव्ही सापडला आणि राज्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्याचा आधार घेऊन पोलिसांनी त्याला उचलले. म्हापशाच्या एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात त्याला ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवले. हा विषाणू हवेतून किंवा एका खोलीत बसल्याने पसरत नाही, हे तेव्हाही वैद्यकशास्त्राला ठाऊक होते. त्याच्या आईने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. न्यायालयाने समाजहिताचा दाखला देत विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. त्या निकालानंतर गोव्यातल्या किती जणांना आपले रक्त तपासून घ्यावेसे वाटले असेल? जो माणूस रक्त द्यायला आपणहून पुढे आला तोच गजाआड गेला, हा निरोप सगळ्या किनारपट्टीला पोचला होता.

याच मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्ये वेगळी वाट धरली. एचआयव्हीबाधित कामगार काम करण्यास समर्थ असेल तर केवळ विषाणूच्या कारणावरून त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असा निकाल दिला आणि खटला टोपणनावाने चालवू दिला. वरवर तांत्रिक वाटणाऱ्या या सवलतीत मोठे शहाणपण होते. न्याय मागायचा तर नाव जाहीर करावे लागेल, ही अट असती तर न्याय मागायला कोणी आलेच नसते. ते सूत्र २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात आले: संमतीशिवाय चाचणी नाही, गोपनीयता, भेदभावाला बंदी, कोर्टात ओळख झाकण्याची सोय. देशात नव्या लागणी गेल्या दोन दशकांत बऱ्याच घटल्या. त्याचे श्रेय एकट्या कायद्याचे नाही, मोफत औषधांचे आणि रुग्णांच्या संघटनांचे ते आधी आहे. मात्र कोंडून ठेवणारा कायदा टिकला असता, तर ती औषधे घ्यायला केंद्रावर किती जण आले असते, याचा विचार करावा.

करोनात आपण पुन्हा जुन्याच वळणावर गेलो. मार्च २०२० मध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईने गृहविलगीकरणाचा शिक्का मारला गेला. सहप्रवाशांनी तो पाहिला आणि अशा माणसांना चालत्या प्रवासात रेल्वेतून उतरवल्याच्या घटना घडल्या. पुढे संचारबंदी मोडल्याबद्दल राज्यात लाखाहून अधिक गुन्हे नोंदले गेले आणि मग ते मागे घेण्याचा निर्णय करावा लागला.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की साथीत सक्ती करावीच लागते. प्रत्येकाच्या हक्कांची विचारपूस करत बसलो तर माणसे मरतील. या आक्षेपात तथ्य आहे आणि मी तो झटकून टाकत नाही. थुंकीतून जंतू जाणाऱ्या क्षयरुग्णाने उपचार न घेता भरल्या लोकलमधून हिंडणे हा त्याचा खासगी प्रश्न नाही. पण सक्ती कुठल्या सोबतीने यशस्वी होते ते पाहा. क्षयरोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद करणे २०१२ मध्ये खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक झाले. २०१३ मध्ये खासगी क्षेत्रातून आलेल्या नोंदी ४० हजारांच्या आत होत्या. नुसत्या आदेशाने एवढेच झाले. त्यानंतर मुंबई, पाटणा, मेहसाणा इथे खासगी डॉक्टरकडच्या रुग्णालाही मोफत तपासणी आणि औषधे मिळू लागली. नोंद करणाऱ्या डॉक्टरला मानधन, रुग्णाला पोषणासाठी दरमहा ५०० आणि २०२४ पासून १००० रुपये मिळू लागले. न कळवणाऱ्याला तुरुंगाची तरतूदही २०१८ मध्ये लागू झाली. २०२३ मध्ये खासगी नोंदी ८ लाखांच्या वर होत्या. धाक त्यात आहेच, पण धाकाच्या आधी आणि धाकासोबत सांगणाऱ्याच्या हाती काहीतरी पडते आहे.

देशादेशांच्या व्यवहारात हेच गणित आहे, फक्त घराच्या जागी देश असतो. सुरतेत १९९४ मध्ये प्लेगची बातमी आली. मृत्यू पन्नासच्या आसपास होते; तरी विमाने थांबली, माल परत गेला, आणि जागतिक आरोग्य संघटना प्रवासबंदीची गरज नाही असे सांगत असताना हे झाले. सार्सनंतर २००५ मध्ये आंतरराष्ट्रीय आरोग्य नियम नव्याने लिहिले गेले, १९६ पक्षांनी ते मान्य केले. उद्रेक कळवण्याचे बंधन त्यांत आहे आणि इतरांनी विज्ञानाला सोडून जाचक निर्बंध घालू नयेत असेही आहे. पहिले बंधन पाळले जाते, दुसरे मोडले तर कोणी विचारत नाही. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने करोनाचा नवा प्रकार जगाला कळवला. दोनच दिवसांत त्याचे ओमिक्रॉन असे बारसे झाले, तोवर अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेची विमाने बंदही केली होती. प्रामाणिकपणे सांगणाऱ्या देशाला ही बिदागी मिळाली.

नेमका कायदा काय करू शकतो याचे उदाहरण इंडोनेशियाचे आहे. बर्ड फ्लूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला पाठवणे त्या देशाने २००७ च्या सुमारास थांबवले. आमच्या रुग्णांचा विषाणू घेऊन परदेशी कंपनी लस करणार आणि ती आम्हालाच परवडणार नाही, ही त्यांची तक्रार होती. त्यावर जगभरात टीका झाली, पण तक्रार खोटी नव्हती. चार वर्षांच्या वाटाघाटींनंतर २०११ मध्ये इन्फ्लुएन्झापुरती चौकट ठरली: देशांनी विषाणू द्यायचे, कंपन्यांनी लशींचा ठरावीक वाटा आणि वार्षिक निधी द्यायचा. मे २०२५ मध्ये मंजूर झालेल्या महासाथ करारात हीच कल्पना सर्व संभाव्य महासाथींसाठी घेतली आहे. त्यात सामील होणाऱ्या उत्पादकांनी महासाथीच्या वेळी उत्पादनाचा २० टक्के वाटा जागतिक संघटनेला उपलब्ध करून द्यावा, त्यातला निदान निम्मा दान म्हणून, असे उद्दिष्ट आहे.

या कराराने देशाचे सार्वभौमत्व जाते, असा ओरडा अनेक देशांत झाला. करारात स्पष्ट लिहिले आहे की टाळेबंदी, प्रवासबंदी वा लससक्तीचा आदेश देण्याचा अधिकार जागतिक आरोग्य संघटनेला नाही. उलट कायदा नसतो तेव्हा काय होते हे पुणेकरांनी जवळून पाहिले आहे. पुण्यात बनलेल्या लशींवर गरीब देशांसाठीची कोव्हॅक्स योजना मुख्यत्वे विसंबून होती. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत आपली निर्यात थांबली आणि त्या देशांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागली. घरात चिता पेटलेल्या असताना दुसरे काही करणे कठीण होते, हे मान्य. वाटा आधीच ठरवून ठेवायचा तो त्यासाठीच.

राहता राहिला पैशाचा आक्षेप: इतकी जबाबदारी कायद्याने अंगावर घेतली तर ती पेलणार कशी? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच रतलाम नगरपालिकेला दिले आहे. उघडी गटारे, कारखान्याचे सांडपाणी, संडास नसल्याने रस्त्यावर बसणारी माणसे, अशा वस्तीतले रहिवासी कोर्टात गेले. नगरपालिकेने पैसे नाहीत म्हणून हात वर केले. न्या. कृष्ण अय्यर यांनी ती सबब मानली नाही आणि कामाला मुदत घालून दिली. सार्वजनिक आरोग्य हा आपल्या घटनेत राज्याचा विषय आहे, तेव्हा दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही. मद्रास प्रांताने आपला आरोग्य कायदा १९३९ मध्ये केला, केरळने नवा २०२३ मध्ये. १८९७ च्या कायद्यात मोठ्या उणिवा असल्याचे विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या अहवालात नोंदवले आहे. ज्या शहरातल्या साथीपायी तो कायदा जन्मला त्याच्या राज्याने पहिल्यांदा तो बदलावा. विलगीकरणाचा आदेश लेखी असावा, त्यावर दिवसांची मर्यादा असावी, बुडालेली मजुरी ठरल्या दिवशी खात्यात यावी, नाव फुटले तर फोडणाऱ्यावर कारवाई व्हावी आणि दाद दोन दिवसांत ऐकली जावी. रतलामच्या रहिवाशांना फौजदारी प्रक्रिया संहितेतले उपद्रवाचे कलम शोधून काढावे लागले होते. इथल्या माणसाला तसे कलम मराठीत, आपल्या वॉर्ड ऑफिसच्या भिंतीवर, आजार सांगायला आत शिरण्याआधी वाचता आले पाहिजे.