शॉक नव्हे, चुंबक

आमच्या शाखेतला एक हेडकॅशियर नैराश्याने खचला. घरच्यांनी ‘शॉक’चे नाव ऐकले आणि दवाखान्याची वाटच सोडली. (शॉक आता भूल देऊन देतात आणि तीव्र आजारात तो तारतो, हे जाता जाता.) आज चुंबकाचाही उपचार आहे, पण ‘मेंदूवर चुंबक’ म्हटले की पुन्हा तीच भीती, नाहीतर चुंबकाच्या बांगड्या विकणारे आठवतात!

बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेत वीज वाहते, हे फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवले. १९८५ मध्ये शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी डोक्यावर तारेचे वेटोळे धरून हाताचा स्नायू हलवून दाखवला. नैराश्यात तेच वेटोळे कपाळाच्या डाव्या बाजूला, थोडे वर धरतात. भूल नाही. रुग्ण जागेपणी टकटक ऐकतो आणि उठून घरी जातो. डोके दुखू शकते, क्वचित आकडी येते. अमेरिकेने २००८ मध्ये मान्यता दिली, ती औषधाने गुण न आलेल्यांसाठी. सर्वांनाच गुण येतो असेही नाही.

खरी अडचण खेपांची. आठवड्याचे पाच दिवस, चार ते सहा आठवडे! ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला रोज नेणार कोण? आणि बिल? २०१७ च्या कायद्याने मनाचे आजार विम्यात शरीराच्या आजारांच्या बरोबरीने धरायला सांगितले. पण पॉलिसी बहुधा रुग्णालयात दाखल होण्यावर बेतलेली. हा रुग्ण तर रोज घरी परततो. नियमावर बोट ठेवून कागद परत करणे किती सोपे, हे मी टेबलापलीकडे बसून पाहिले आहे. पहिल्या खेपेआधीच विमा कंपनीकडून लेखी उत्तर घ्या.