लिंबाची हिवाळी झोप

फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यात संत्री, लिंबू, डाळिंब, ताड अशी हजाराहून जास्त झाडं मोठ्या पेट्यांमध्ये वाढतात. ऑक्टोबरमध्ये ती सगळी 'ऑरेंजरी'त हलवतात आणि थेट मे महिन्यात बाहेर काढतात. १६८४ ते १६८६ दरम्यान बांधलेल्या या इमारतीला जाड दगडी भिंती आणि दक्षिणेकडे उंच खिडक्या आहेत. गंमत म्हणजे आत उबदार नसतं, फक्त झाडं गोठत नाहीत, एवढंच!

लिंबाला तेवढं पुरतं. साधारण १३ अंशांखाली त्याची वाढ थांबते, झाड झोपतं.

तुम्ही थंड प्रदेशात राहता आणि काचघरातल्या लिंबाची पानं गळायला लागली? लगेच पाणी घालू नका. काचेतून येणाऱ्या उन्हाने पानं तापतात, पण गार मातीतली मुळं पाणी ओढत नाहीत. वर आपण पाणी ओतलं, की मुळं कुजतात. (माझं पहिलं लिंबू मी असंच बुडवून मारलंय.)

कुंडी गार फरशीवरून उचलून लाकडी फळीवर ठेवा. बोट मातीत खुपसा, दोन इंच खोलवर कोरडं लागलं तरच पाणी द्या, तेही सकाळी. खत वसंतापर्यंत बंद. ऊन असेल त्या दुपारी खिडकी थोडी उघडा आणि पानांच्या मागे खवले कीड दिसते का, तेही बघून घ्या.