गंज नट-बोल्टला की व्यवस्थेला?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 4 डिसेंबर 2023 रोजी, नौदल दिनाचे निमित्त साधून, पंतप्रधानांच्या हस्ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या 35 फुटी पुतळ्याचे अनावरण झाले. 26 ऑगस्ट 2024 रोजी तो कोसळला. पुरते नऊ महिनेही टिकला नाही! समोरच्याच समुद्रात महाराजांनी 1664 साली उभारायला घेतलेला सिंधुदुर्ग मात्र साडेतीनशेहून अधिक पावसाळे अंगावर घेऊन उभा आहे.

तत्कालीन मुख्यमंत्री म्हणाले, वारा ताशी 45 किलोमीटर वेगाने वाहत होता. आम्ही विचारतो, मालवणात वारा काय त्या दिवशी नव्याने आला? वाऱ्याला आरोपी केले की माणसे सुटतात, हे या देशातील प्रस्थापितांना चांगले ठाऊक आहे.

कागद मात्र वेगळेच बोलतो. पुतळा पडण्याच्या सहा दिवस आधी, 20 ऑगस्टला, सार्वजनिक बांधकाम खात्याने नौदलाला पत्र लिहून नट-बोल्ट गंजल्याचे कळवले होते. जूनमध्ये दुरुस्ती होऊनही गंज पुन्हा आला होता. म्हणजे तक्रार होती, पण तिचे मूळ कोणी शोधले नाही. पुढे चौकशीच्या अहवालातही गंज, सदोष वेल्डिंग आणि देखभालीचा अभाव हीच कारणे आल्याचे वृत्तपत्रांनी छापले.

तथागतांनी शिकवले की कारणाशिवाय काही घडत नाही, आणि एका कारणामागे दुसरे कारण असते. बोल्ट का गंजला? खाऱ्या हवेत टिकेल असा तो नव्हता म्हणून. तसा का बसवला? तपासणारा नव्हता म्हणून. तपासणारा का नव्हता? कारण सोहळ्याची तारीख आधी ठरली होती आणि काम तारखेच्या मागे धावत होते. काम नौदलाकडे, पैसा राज्याचा, नमुन्याला मान्यता कला संचालनालयाची. सहा फुटी नमुन्याला मान्यता दिली, 35 फुटांचे आम्हाला सांगितलेच नाही, असे संचालकच म्हणाले. अनावरणाच्या कोनशिलेवर नावांची गर्दी; जबाबदारीच्या रकान्यात कोणी नाही. अटक झाली ती शिल्पकाराला आणि संरचना सल्लागाराला. त्यांचा दोष न्यायालय ठरवील. पण मान्यता देणाऱ्या टेबलांचे काय?

वकील म्हणून एक गोष्ट आम्हाला सतत खटकते. दुकानातून घेतलेला पंखा सदोष निघाला तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 उत्पादकाला आणि विक्रेत्याला जाब विचारतो. पण जनतेच्या पैशातून उभा राहिलेला पूल, शाळा वा पुतळा पडला तर ग्राहक आयोगाचे दार बंद! कर भरणे म्हणजे विशिष्ट सेवेचा मोबदला देणे नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1995 सालीच डॉक्टरांच्या सेवेसंबंधीच्या निकालात स्पष्ट केले आहे. म्हणून पंख्याचा मालक ग्राहक, आणि देशाचा मालक निव्वळ प्रेक्षक!

बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीविषयी इशारा दिला होता. राजकोटवर तोच खरा ठरला. पुतळ्याबद्दल शंका काढणे म्हणजे महाराजांचा अवमान, असे वातावरण असेल तर बोल्ट कोण तपासणार? 1869 साली महाराजांचा पोवाडा लिहिणाऱ्या जोतीरावांनी त्यांना कुळवाडीभूषण म्हटले. त्या कुळवाड्याने प्रश्न विचारला तर तो द्रोह कसा?

पंतप्रधानांनी 30 ऑगस्ट 2024 रोजी पालघरमध्ये माफी मागितली. 2025 मध्ये राजकोटवर नवा, आधीपेक्षा उंच पुतळाही उभा राहिला. माफी झाली, पुतळा झाला. पद्धत बदलली का?

हा प्रश्न आपल्यालाही आहे. इंदू मिलच्या जागेवर बाबासाहेबांचे भव्य स्मारक उभे राहत आहे. त्याच्या उंचीचा अभिमान बाळगणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी धातूच्या चाचणीचा दाखला मागितला? गल्लीतल्या समाजमंदिराचा स्लॅब पहिल्याच पावसात का गळतो, हे आपण कंत्राटदाराला विचारले का? माहितीचा अधिकार 2005 पासून हातात आहे. करारनामा, नकाशा, चाचणी अहवाल, देखभालीची जबाबदारी हे सारे मागा. अनावरणाआधी मागा.

पुतळ्याला हार घालणारे हात पुष्कळ आहेत. बोल्ट तपासणारे हात हवे आहेत, आणि ते आपलेच असले पाहिजेत. जयभीम!